फिजिओथेरपीला जाताना: पहिल्या भेटीआधी काय तयारी करायची आणि घरी आल्यावर काय

पहिल्या भेटीला साधारण अर्धा ते पाऊण तास मिळतो. त्यातली दहा मिनिटं घट्ट जीन्सची मोहरी गुडघ्याच्या वर चढवण्यात जातात, पाच मिनिटं फोनमधला रिपोर्टचा फोटो शोधण्यात आणि उरलेल्यातली बरीचशी ‘ती छोटी पांढरी गोळी’ नेमकी कशाची, हे आठवण्यात. मग तपासणी घाईत उरकते, व्यायाम घाईत दाखवले जातात आणि पेशंट घरी जाऊन सांगतो, “तिथे काही विशेष केलंच नाही.”

मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे. ‘शेक घ्यायला जातोय’ असं म्हणून निघालेला माणूस बहुतेक वेळा शेकच घेऊन परततो, कारण बाकी काही मागायचं असतं हे त्याला ठाऊकच नसतं. खालचे टप्पे घरून निघण्याच्या आधीपासून सुरू होतात. त्याच क्रमाने जा. पहिला टप्पा तर कोणीही वगळू नका.

## टप्पा १: आधी हे ठरवा, फिजिओकडे की थेट हॉस्पिटलात

काही दुखणी आमच्या दारात यायलाच नकोत. खालचं एकही लक्षण असेल तर फिजिओची वेळ घेत बसू नका.

- कंबरदुखीबरोबर लघवी अडकते, नकळत होते किंवा शौचावरचा ताबा गेलाय. जांघेत आणि बसायच्या जागी बधिर वाटतं. दोन्ही पायांतला जोर कमी झालाय. मज्जारज्जूच्या खालच्या टोकाच्या नसा दबल्याची ही खूण असू शकते. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, ‘आजची रात्र बघू’ म्हणू नका.
- तोंड एका बाजूला वाकलं, एक हात वर राहत नाही, जीभ अडखळते. पक्षाघातात फिजिओथेरपी लागते खरी, पण ती नंतर. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीच्या साधारण साडेचार तासांतच देता येतं. तो वेळ चोळण्यात घालवू नका.
- खांदा, डावा हात किंवा जबडा दुखतोय, सोबत छातीवर दाब, घाम, धाप आहे. खांदा हलवून दुखण्यात काहीच फरक पडत नाही, पण चार पावलं चाललं की वाढतं. हे हृदयाचं असू शकतं.
- एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दाबली की दुखते. विशेषतः ऑपरेशननंतर, बरेच दिवस अंथरुणात काढल्यावर किंवा लांबच्या प्रवासानंतर. शिरेत गुठळी झालेली असू शकते.
- पडल्यानंतर किंवा पाय मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नाहीत, किंवा घोट्याच्या हाडावर बोट टेकवलं तरी कळ जाते. घोट्याचा एक्स-रे हवा की नको हे ठरवायला डॉक्टर ज्या ओटावा नियमांचा आधार घेतात, त्यात हेच पाहिलं जातं. आधी एक्स-रे.
- ताप, काही कारण नसताना घटलेलं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, किंवा कूस बदलून, उठून बसूनही न थांबणारी रात्रीची वेदना.
- एखादा सांधा एकाएकी लाल, गरम, टम्म झालाय आणि अंगात ताप आहे.

सावधान: सुजलेली, गरम पोटरी कोणालाही चोळू देऊ नका. घरच्यांना नाही, मालिशवाल्याला नाही आणि आम्हालाही नाही.

यातलं काही नसेल तर पुढे वाचा.

## टप्पा २: कोणाकडे

फिजिओथेरपीची पदवी आणि जिथे नोंदणी लागते तिथली नोंदणी, एवढं विचारायला लाजायचं कारण नाही. वेळ घेताना फोनवरच तक्रार एका वाक्यात सांगा, कारण प्रत्येक फिजिओ सगळंच पाहतो असं नाही. कोणी हाडं-सांधे पाहतात, कोणी पक्षाघात आणि मेंदूचे आजार, कोणी लहान मुलं, कोणी हृदय-फुफ्फुसं. शिंकताना, हसताना लघवी गळते यासाठीही फिजिओथेरपी असते, ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंची. ही तक्रार वर्षानुवर्षं सोसणाऱ्या बायका गुडघा दाखवायला येतात आणि उठता उठता सहज सांगून जातात.

आणखी एक प्रश्न विचारून ठेवा: दर वेळी मला तीच व्यक्ती पाहणार का? माणूस रोज बदलला की गोष्टही रोज पहिल्यापासून सांगावी लागते.

## टप्पा ३: तीन दिवसांची वही

तयारीत सगळ्यात जास्त उपयोगाचं काम हे, आणि सगळ्यात कमी लोक हेच करतात. भेटीच्या आधी तीन दिवस दुखण्याची नोंद ठेवा. सकाळी उठल्यावर, दुपारी आणि झोपताना, अशी दिवसातून तीनदा. दुखण्याला ० ते १० मध्ये आकडा द्या. ० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे कल्पनेतलं सगळ्यात वाईट. ‘माझं १२ आहे’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांची तळमळ समजते, पण पुढच्या आठवड्यात कमी झालं की नाही हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

आकड्याशेजारी दोन गोष्टी लिहा: कशाने वाढलं आणि कशाने उतरलं. नोंद अशी दिसेल (आकडा दुखण्याचा, घड्याळाचा नव्हे):

*सकाळी ६. उठल्यावर कंबर ताठर, १० मिनिटांत मोकळी झाली. दुपारी ३. खुर्चीत ४० मिनिटं बसल्यावर डाव्या मांडीच्या मागून चमक गेली, उठून चालल्यावर थांबली. रात्री ४. कुशीवर उशी घेऊन झोपलो की बरं.*

एवढ्यावरून मला कळतं की बसणं हा गुन्हेगार आहे आणि चालणं मित्र. व्यायामाची दिशा इथेच निम्मी ठरते. सकाळचा ताठरपणा किती मिनिटं टिकतो हेही मुद्दाम मोजा. झिजलेल्या सांध्याचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. त्याहून बराच जास्त वेळ टिकत असेल आणि बोटांचे किंवा मनगटांचे सांधे सुजत असतील, तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवावं लागतं.

मग वहीच्या शेवटच्या पानावर अशी तीन कामं लिहा, जी दुखण्यामुळे जमत नाहीत किंवा कशीबशी जमतात. ‘गुडघा बरा व्हावा’ हे काम नव्हे. ‘मांडी घालून बसणं’, ‘दोन मजले न थांबता चढणं’, ‘नातवाला उचलणं’, ‘केस विंचरायला हात वर नेणं’ ही कामं. प्रत्येकापुढे आत्ता किती जमतं याचा आकडा टाका. यातूनच उपचाराचं ध्येय ठरतं. जिना उतरायला गुडघा साधारण ९० अंश वाकला की भागतं, उकिडवं बसायला त्याहून पुष्कळ जास्त वाकावा लागतो. तुम्हाला यातलं काय हवंय हे मला माहीत नसेल तर मी भलत्याच ठिकाणी जोर लावत बसेन.

### दुखतं म्हणजे कसं दुखतं

मराठीत दुखण्याला शब्दांचा तोटा नाही, तरी क्लिनिकमध्ये शिरल्यावर सगळे एकाच शब्दावर येतात: “दुखतं.” ठणकतं का? सलतं? कळ येते? चमक मारते? आग होते? मुंग्या येतात, बधिर होतं, ओढ बसते, जड पडतं, उसण भरल्यासारखं अडकतं? हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत. करंटसारखी चमक खाली पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर आम्ही नसेकडे आधी बघतो. नुसता ठणका आणि सूज असेल तर दाह. ‘गुडघा मधेच अडकतो’ आणि ‘गुडघा निसटल्यासारखा होतो’ यांतही फरक आहे, आणि तपासण्याही वेगळ्या.

जागा बोटाने दाखवा, नावाने नको. ‘खुबा दुखतो’ म्हणणारे बरेचजण नितंबाच्या वरच्या कोपऱ्यावर हात ठेवतात, तर खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुतेक वेळा जांघेत जाणवतं. ‘खांदा’ म्हणून दाखवलेली जागा अनेकदा मान आणि खांदा यांच्या मधली असते. एक बोट ठेवता येतं, की अख्खा तळवा लागतो, की वरून खाली रेघ ओढावी लागते, यातूनही बरंच समजतं.

तपासणी: वहीत नऊ नोंदी आणि तीन कामं आहेत ना? आधी कोणते उपचार केले, कोणता पट्टा बांधला, कोणी मान ‘कट्’ करून दिली, कोणतं तेल लावलं, हेही लिहा. आम्ही रागावत नाही. तेच पुन्हा करायला नको, म्हणून विचारतो.

## टप्पा ४: कागद आणि गोळ्या

एका पिशवीत एवढं हवं: एक्स-रे किंवा एमआरआयचे रिपोर्ट आणि फिल्म दोन्ही, डॉक्टरांची चिठ्ठी, ऑपरेशन झालं असल्यास डिस्चार्जचा कागद. ऑपरेशनवाल्यांनी सर्जनकडून दोन गोष्टी लेखी आणाव्यात: त्या पायावर किती भार द्यायची परवानगी आहे आणि कोणती हालचाल किती आठवडे वर्ज्य आहे. ‘डॉक्टर म्हणाले हळूहळू चाला’ यावर मी भार ठरवू शकत नाही. पाय नुसता टेकवायचा, अर्धा भार द्यायचा की पूर्ण, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एमआरआय नसेल तर केवळ आमच्याकडे यायचं म्हणून काढू नका. गरज वाटली तर सांगितलं जाईल. काढलेला असेल तर त्यातले शब्द वाचून घाबरू नका. ‘गादी सरकली’, ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘गुडघ्यातलं वंगण संपलं’ ही वाक्यं डोक्यात धरून आलेली माणसं वाकायलाच घाबरतात, आणि न वाकल्याने आणखी आखडतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, कंबर अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या होत्या. गादी फुगलेली दिसण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के होतं, ऐंशीत ८४ टक्के. म्हणजे रिपोर्टमधली गादी हीच तुमच्या दुखण्याचं कारण आहे, असं परस्पर ठरत नाही. रिपोर्ट आणि अंगावरची तपासणी जुळली तरच त्याला वजन.

गोळ्यांची नावं आठवत बसू नका, पाकिटांचे फोटो काढा. यातलं काही चालू असेल तर विचारायच्या आधीच सांगा:

- रक्त पातळ करणारी गोळी. जोराचं मालिश आणि सुया टोचण्याचा उपचार यात कातडीखाली रक्तस्राव होऊन ते साकळू शकतं.
- स्टिरॉइड, विशेषतः बरेच महिने घेतलेलं. हाडं ठिसूळ झालेली असू शकतात.
- इन्सुलिन किंवा साखरेची गोळी. व्यायामाने साखर उतरते.
- रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी बीटा ब्लॉकर. नाडी वाढत नाही, त्यामुळे नाडीवरून श्रम मोजता येत नाहीत.
- नुकतंच घेतलेलं सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन. या गटातल्या औषधांनी टाचेच्या वरचा स्नायुबंध क्वचित तुटू शकतो.

सावधान: भेटीत दुखू नये म्हणून निघताना जादाची वेदनाशामक गोळी घेऊ नका. दुखणं झाकलं की तपासणी खोटी ठरते. नेहमीची चालू औषधं मात्र बंद करू नका. गोळी घेतलीच असेल तर किती वाजता घेतली, ते सांगा.

## टप्पा ५: कपडे, बूट, जेवण

गुडघा दाखवायचा तर सैल अर्धी विजार, जी मांडीपर्यंत वर जाईल. खांदा किंवा मान असेल तर बिनबाह्यांचा किंवा पुढून उघडणारा कपडा. कंबरेसाठी मागून वर करता येईल असा सैल शर्ट. साडी किंवा पंजाबी ड्रेस घालून यायला हरकत नाही, पण बदलायला एक सैल पायजमा पिशवीत टाका. अंगाला तेल चोपडून येऊ नका, पट्ट्या चिकटत नाहीत.

रोज वापरता ती चप्पल किंवा बूट घालून या. ठेवणीतले नवे नकोत. जुन्या बुटाची टाच कोणत्या बाजूने झिजलीय यावरून तुमच्या चालण्याबद्दल काहीतरी कळतं.

काठी असेल तर आणाच. ताठ उभं राहून हात सैल सोडला की काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. निम्म्याहून अधिक लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरून येतात, आणि वर सांगतात की काठीचा काही उपयोग होत नाही.

पोटभर जेवण भेटीच्या दीड-दोन तास आधी उरका. उपाशीही येऊ नका. मधुमेह असेल तर खिशात काहीतरी गोड असू द्या.

पक्षाघात झालेल्या पेशंटबरोबर, घरी जो प्रत्यक्ष त्याचं करतो, त्यानेच यावं. गाडी चालवणारा भाचा आला तर उठवायचं-बसवायचं कसं हे भाच्याला शिकवून उपयोग नाही. आणि क्लिनिकमध्ये आणतानाच होणारी एक चूक: लुळा पडलेला हात धरून किंवा काखेत हात घालून पेशंटला ओढू नका. आधार देणारे स्नायू सैल पडलेले असतात, खांदा सांध्यातून खाली उतरतो आणि पुढे महिनोन्‌महिने दुखतो. कंबरेला धरून उठवा.

लहान मुलाची वेळ घेताना त्याची झोपेची आणि भुकेची वेळ टाळा. आवडतं खेळणं बरोबर घ्या. आमचा निम्मा व्यायाम त्या खेळण्याच्या मागे रांगण्यातच होतो.

## टप्पा ६: पहिल्या भेटीत काय होतं, कोणत्या क्रमाने

आधी प्रश्न. मग उभं राहणं, चालणं, वाकणं बघणं. मग सांधा किती हलतो ते मोजणं, स्नायूंचा जोर, नसांच्या चाचण्या. आणि सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर, उपचार. पहिल्या दिवशी मशीन लागलं नाही म्हणून नाराज होऊ नका. तपासणी न करता थेट मशीन लावलं, तर मात्र नाराज व्हा.

तीन गोष्टी लोकांना खटकतात, त्या आधीच सांगते.

पहिली, चांगली बाजू आधी तपासली जाते. तुमचा नेहमीचा खांदा किती वर जातो ते पाहिल्याशिवाय दुखरा किती अडलाय हे समजत नाही.

दुसरी, दुखतंय एकीकडे आणि तपासतात भलतीकडे. हाताला मुंग्या येतात म्हणून मान, गुडघा दुखतो म्हणून खुबा. तुमचं म्हणणं दुर्लक्षलेलं नाही. हाताच्या नसा मानेतूनच निघतात, आणि खुब्याचं दुखणं काहींना फक्त गुडघ्यातच जाणवतं.

तिसरी, तपासताना थोडं दुखतं. दात-ओठ खाऊन सहन करू नका आणि आधीच किंचाळूही नका. ‘इथे सुरू झालं’, ‘इथे वाढलं’, ‘आता थांबलं’ एवढं सांगत राहा. शौर्य दाखवणाऱ्या पेशंटची तपासणी सगळ्यात चुकीची होते.

मोजमापाचे आकडे विचारून वहीत लिहा. गुडघा किती अंश वाकतो, किती अंशांवर सरळ व्हायचा थांबतो, स्नायूचा जोर ० ते ५ पैकी किती. महिन्याने ‘फरक वाटतोय का’ या प्रश्नाला मूडवर उत्तर देण्यापेक्षा आकडा बरा.

कपडा बाजूला करायला, हात लावायला तुमची संमती विचारली गेली पाहिजे. अवघडल्यासारखं वाटलं तर सोबतच्या माणसाला आत थांबू द्या असं सरळ सांगा. मानेला झटका देऊन ‘कट्’ करायचं असेल तर नाही म्हणायचाही अधिकार आहे. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी झाल्याचा असतो. चक्कर, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, गिळायला त्रास असलं काही होत असेल तर मानेला झटका नकोच, आणि हे लगेच सांगा.

## टप्पा ७: मशीन लावण्याआधी

मशिनं अनेक आहेत. टेन्स आणि आयएफटी त्वचेवरून सौम्य वीजप्रवाह देतात, वेदना तात्पुरती दबते. डायथर्मी खोलवर ऊब देते. अल्ट्रासाउंड म्हणजे सोनोग्राफी नव्हे. “माझं अल्ट्रासाउंड झालंय, रिपोर्ट कधी मिळेल?” हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला जातो. ध्वनिलहरी त्याच जातीच्या, पण इथे फोटो निघत नाही.

पॅड चिकटवण्याआधी हे स्वतःहून सांगा: पेसमेकर आहे, गरोदर आहे किंवा असण्याची शक्यता आहे, शरीरात धातूची पट्टी, खिळा किंवा सांधा बसवलाय, त्या भागात कॅन्सर झाला होता, फिट येतात, त्या जागची त्वचा बधिर आहे.

सावधान: ‘जास्त गरम म्हणजे जास्त गुण’ हे खोटं आहे. शेक सुखावणारा असावा, चटका देणारा नाही. मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर तिथे शेक घेऊच नका, भाजल्याचं कळत नाही आणि जखम भरायला महिने लागतात.

मशीनमुळे मिळालेला आराम व्यायाम करायला वापरायचा असतो. शेक घेऊन पंधरा मिनिटं डुलकी काढली आणि घरी गेलात, तर संध्याकाळी दुखणं आहे तिथेच.

## टप्पा ८: उठण्यापूर्वी

व्यायाम ‘समजला’ म्हणू नका, करून दाखवा. फिजिओने करून दाखवणं आणि तुम्ही मान डोलावणं यात काहीही शिकलं जात नाही. तुम्ही करताना तुमचाच व्हिडिओ काढून घ्या, तुमच्याच फोनवर. कंबर कुठे उचलली जाते, गुडघा कुठे आत पडतो, हे घरी त्यात दिसतं.

मग एवढं विचारून लिहून घ्या: मला नेमकं झालंय काय, साध्या भाषेत? प्रत्येक व्यायाम किती वेळा, किती सेकंद धरून, दिवसातून कितीदा? कोणतं दुखणं चालेल आणि कोणतं दिसलं की थांबायचं? पुढचे काही दिवस काय टाळू? साधारण किती आठवडे लागतील?

सहा-सात व्यायाम दिले असतील तर ‘यातले दोनच करता आले तर कोणते?’ हेही विचारा. आम्हाला हा प्रश्न आवडतो. दोन व्यायाम रोज करणारा माणूस, आठ व्यायाम दोनच दिवस करणाऱ्यापेक्षा लवकर पुढे जातो.

तपासणी: वहीत व्यायामांची नावं, आकडे आणि पुढची तारीख आहे? नसेल तर अजून खुर्ची सोडू नका.

## टप्पा ९: घरी, आणि इथेच गाडी घसरते

पहिल्या भेटीनंतर एक-दोन दिवस अंग आंबल्यासारखं वाटू शकतं. न वापरलेले स्नायू वापरले की २४ ते ७२ तास दुखतात. ही ‘ट्रीटमेंट उलटली’ नव्हे. फरक ओळखायची रीत अशी: व्यायाम करताना मूळ दुखणं (स्नायूंचं आंबणं नव्हे) ३-४ च्या आसपास राहिलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पातळीवर आलं, तर चालू ठेवा. दुसऱ्या सकाळीही वाढलेलं असेल किंवा सूज आली असेल, तर व्यायामाचा डोस निम्मा करा, पूर्ण बंद करू नका. चमक पूर्वीपेक्षा आणखी खाली, पायाच्या बोटांपर्यंत उतरू लागली, नवा बधिरपणा आला, जोर कमी झाला, तर तो व्यायाम थांबवून त्याच दिवशी फोन करा.

ऑपरेशन झालेल्यांनी स्वतःहून डोस वाढवू किंवा कमी करू नये. त्यांचं वेळापत्रक टाक्यांच्या आणि हाडाच्या हिशेबाने चालतं.

‘वेळ मिळाला की करतो’ म्हटलं की व्यायाम होत नाही. रोजच्या एखाद्या न चुकणाऱ्या गोष्टीला तो बांधा. दात घासताना टाचा उचलणं, चहा उकळेपर्यंत मानेचे व्यायाम, फोनवर बोलताना एका पायावर उभं राहणं.

नेहमीच्या चुका:

आठवडाभराचा व्यायाम रविवारी एकदम करणं. श्वास रोखून जोर लावणं, रक्तदाबवाल्यांनी तर हे अजिबात करू नये. सोपा वाटला म्हणून वजन वाढवणं. इंटरनेटवर पाहिलेले चार व्यायाम मधेच घुसडणं, मग दुखणं वाढलं तर कोणत्या व्यायामाने, हे कोणालाच सांगता येत नाही. शेजाऱ्याच्या कंबरेचे व्यायाम स्वतःच्या कंबरेला लावणं. एकाला पुढे वाकून बरं वाटतं, दुसऱ्याला मागे वाकून, आणि अदलाबदल केली तर दोघेही झोपतात.

शेक की बर्फ? ताजी दुखापत, सूज, गरम लागणारा सांधा असेल तर बर्फ, जुना ताठरपणा असेल तर शेक. दोन्ही १५ ते २० मिनिटं, मध्ये टॉवेल ठेवून. गरम पिशवी अंगाखाली घेऊन झोपू नका. आणि कंबर दुखतेय म्हणून आठवडाभर आडवं राहू नका. साध्या कंबरदुखीत पडून राहण्यापेक्षा जमेल तेवढी हालचाल करणारे लवकर सुधारतात.

## टप्पा १०: किती भेटी, आणि कधी प्रश्न विचारायचा

‘पाच दिवसांत बरं करा, सुट्टी संपतेय’ असं शरीराला सांगता येत नाही. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढलेली वाटते, ती मेंदू आणि नसा स्नायूला नीट वापरू लागल्यामुळे. स्नायू प्रत्यक्ष भरायला सहा ते आठ आठवडे लागतात, स्नायुबंधाचं जुनं दुखणं सुधारायला तीन महिनेही लागतात. आखडलेला खांदा, ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात, तो मोकळा व्हायला एक ते तीन वर्षं घेऊ शकतो. गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटच्या ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरलेल्या खेळाडूंमध्ये पुन्हा दुखापत होण्याचा धोका बराच जास्त दिसतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक मधल्या काळात होते. दुखणं थांबतं आणि माणूस यायचं थांबतो. दुखणं आधी जातं, ताकद मागाहून येते. या मधल्या आठवड्यांत जड सामान उचललं की पुन्हा पहिल्या पानावर.

उलट बाजूही आहे. चार ते सहा आठवडे नेमाने व्यायाम करून वहीतला एकही आकडा हलला नसेल, तर पुन्हा पूर्ण तपासणी करा असं म्हणा. दर वेळी तोच शेक, तेच पॅड, व्यायामात काहीच बदल नाही आणि पुढच्या भेटींचे पैसे मात्र आगाऊ मागितले जाताहेत, तर दुसऱ्या फिजिओचं मत घ्या. चांगल्या फिजिओला याचा राग येत नाही. पण आधी स्वतःला विचारा, व्यायाम खरंच रोज केला का? आमच्याशी खोटं बोललात तर आम्ही व्यायाम चालत नाही असं समजून तो बदलतो, आणि चालणारा व्यायाम हातचा जातो.

## टप्पा ११: शेवटची भेट

ती चुकवू नका. सुरुवातीला लिहिलेली तीन कामं पुन्हा करून दाखवा, अंश आणि जोर पुन्हा मोजून घ्या. मग दोन यादी मागा. एक, कायम चालू ठेवायचे दोन-तीन व्यायाम. दुसरी, दुखणं परत उपटलं तर पहिल्या ४८ तासांत काय करायचं. उसण पुन्हा भरली की बहुतेकांना एवढंच लागतं: दोन पायऱ्या खाली उतरून सोप्या व्यायामांपासून सुरुवात, बर्फ किंवा शेक, आणि चालत राहणं. दहा-बारा दिवसांत उतार पडला नाही तर वेळ घ्या. पहिल्या टप्प्यातलं एखादं लक्षण दिसलं तर हे काहीच न करता हॉस्पिटल. ही दुसरी यादी फ्रिजवर लावा, कारण वही त्या दिवशी सापडत नाही.